दाढेत काय भरले, याची लेखी नोंद रुग्णाला मिळायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरीरातील दीर्घकाळ चालणारा दाह, तो कमी करणारा आहार आणि दातांत भरल्या जाणाऱ्या पदार्थांची सुरक्षितता या विषयांवर अलीकडे वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, आपल्याही दैनिकात, बरेच छापून येते आणि त्याच्या कितीतरी पट मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी फिरतो. मी मुंबईतील एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे शेजारपाजारची मंडळी असे लेख घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, की दाढेतली जुनी चांदी काढून टाकावी का, हळदीच्या गोळ्या सुरू कराव्यात का, रक्तात सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन थोडे वाढलेले आले आहे ते दाढेतल्या सिमेंटमुळे तर नसेल ना. यातील काही प्रश्नांना संशोधनाने चांगली उत्तरे दिली आहेत, काहींना अर्धवट. परंतु एका जागी मात्र दर वेळी गाडे अडते. तुमच्या दाढेत नेमके काय भरले आहे, असे मी उलट विचारले की बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण ते त्यांना कोणी लिहून दिलेलेच नसते. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे; पण तेथवर येण्याआधी संशोधन काय सांगते ते मांडणे आवश्यक आहे.

दाह ही मुळात शरीराची संरक्षणाची रीत आहे. जखम झाली किंवा जंतू शिरले, की त्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि काम संपले की हा पसारा आवरला जातो. तो आवरला न जाता वर्षानुवर्षे मंदपणे चालू राहिला तर अपाय होतो, याचा एक भक्कम पुरावा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस नावाच्या चाचणीतून मिळाला. दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता दाहाचा एकच रासायनिक संदेश रोखणारे औषध दिले गेले आणि हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले. त्याच औषधामुळे प्राणघातक संसर्गांचे प्रमाण मात्र वाढले. दाह सरसकट दाबून टाकणे किती जोखमीचे असते हे त्यातून दिसले, आणि ‘दाहविरोधी’ हा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातींत नेमकी हीच दुसरी बाजू कधी येत नाही.

तोंडापुरते बोलायचे तर सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत नीट अभ्यासलेला दाह हिरड्यांचा आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा दात स्वच्छ ठेवू लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडतो. आपल्याकडे घासताना रक्त आले की लोक घासणेच कमी करतात, आणि कीटण काढून घेतल्याने दात हलू लागतात असे सांगून एकमेकांना दवाखान्यापासून परावृत्त करतात. प्रत्यक्षात कीटणाखाली चाललेल्या दाहाने हाड आधीच झिजलेले असते आणि कीटण निघाल्यावर ते फक्त उघडे पडते. तंबाखूचा प्रश्न याहून कठीण आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आतून वाढत असूनही बाहेर खूण दिसत नाही. आणि मशेरी लावणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी तर ती दातांच्या स्वच्छतेसाठीच लावतात.

हिरड्यांचा हा दाह उरलेल्या शरीरापर्यंत पोहोचतो का, हा या क्षेत्रातील सर्वांत चर्चेचा प्रश्न आहे. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला, त्यात हिरड्यांचा तीव्र रोग असलेल्या १२० जणांपैकी अर्ध्यांवर सखोल उपचार केले गेले. उपचारानंतरच्या चोवीस तासांत त्यांच्या रक्तातील दाहाच्या खुणा वाढल्या आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता घटली. सहा महिन्यांनी मात्र ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली झाली होती. तोंड आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध त्यातून दिसला, पण हिरड्या साफ केल्याने हृदयविकाराचे झटके टळतात हे त्यातून सिद्ध झालेले नाही, आणि तसे लिहिणे चुकीचे आहे. मधुमेहाबाबत चित्र थोडे अधिक स्पष्ट आहे. २०१३ साली ५१४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत (एचबीए१सी) काहीच फरक पडला नव्हता. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी घटल्याचे आढळले. हा आकडा लहान वाटला तरी मधुमेहाच्या रुग्णाला तो उपयोगाचा आहे, आणि मुंबईत मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल अशी आज परिस्थिती आहे.

याउलट २०१९ साली हिरड्यांतील एका जंतूचे अंश अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत सापडल्याचा शोधनिबंध आला, तेव्हा जगभर मथळे झळकले आणि दात न घासल्याने स्मृतिभ्रंश होतो अशा भाषेत तो मजकूर आपल्याकडेही फिरला. त्या जंतूची विकरे रोखणारे औषध ६४३ रुग्णांना घेऊन झालेल्या चाचणीत स्मृतीची घसरण थांबवण्याच्या मुख्य कसोटीवर अपयशी ठरल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. ही दुसरी बातमी किती वाचकांपर्यंत पोहोचली? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. संपादक महोदय, एखाद्या संशोधनाची बातमी देताना ते परीक्षानळीतील पेशींवर झाले, उंदरांवर झाले की माणसांवर, माणसांवर असल्यास किती जणांवर आणि किती काळ, एवढे चार शब्द पहिल्याच परिच्छेदात छापावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सीआरपीविषयी थोडक्यात. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि दाह कोठेही असला तरी वाढते. सर्दी, गुडघ्याची सूज, लठ्ठपणा, नुकतीच घेतलेली लस, यांपैकी कशानेही ते वाढू शकते. संपूर्ण शरीर तपासणीच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये ते हल्ली आपोआप मोजले जाते आणि किंचित वाढलेला आकडा पाहून माणसे हवालदिल होतात. त्या आकड्यावरून दोष दाढेचा आहे की गुडघ्याचा, हे कोणालाही सांगता येत नाही.

आहाराबाबत मला दोन लहान अभ्यास विशेष उल्लेखनीय वाटतात, लहान आहेत हे ध्यानात ठेवूनच. स्वित्झर्लंडमध्ये दहा जण चार आठवडे अश्मयुगीन पद्धतीने राहिले. साखर नाही, मैदा नाही, आणि टूथब्रशही नाही. दातांवरचा थर अपेक्षेप्रमाणे वाढला, पण तपासताना हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास खाली आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने अनेक दंततज्ज्ञ चकित झाले, कारण लोए यांच्या प्रयोगाचा विचार करता उलट घडायला हवे होते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पुढे १५ जणांवर झालेल्या अभ्यासात साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करून तंतुमय पदार्थ, क व ड जीवनसत्त्वे आणि माशांतील ओमेगा-३ वाढवले, तेव्हा दातांवरचा थर तेवढाच राहूनही हिरड्यांचा दाह जवळपास निम्म्यावर आला. दात घासणे सोडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. साखर वारंवार खाणाऱ्या माणसाच्या हिरड्या त्याच थराला अधिक तीव्र प्रतिसाद देत असाव्यात, असा संशय घ्यायला मात्र यातून पुरेशी जागा मिळते.

त्यासाठी परदेशी गोळ्यांची गरज नाही. बांगडा आणि तारली हे आपल्या कोळीणींच्या पाटीतले स्वस्त मासे ओमेगा-३ ने समृद्ध आहेत. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, मोडाची कडधान्ये, ज्वारी-नाचणीची भाकरी यांतून उरलेली गरज भागते. हळद स्वयंपाकात जरूर असावी, पण तिच्यातील कर्क्युमिन शरीरात फारच थोडे शोषले जाते आणि २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक चाचण्यांचा मागोवा घेतला, तेव्हा काटेकोर दुहेरी अनभिज्ञ पद्धतीच्या (खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत निर्विवाद यश मिळाल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही. मुंबईकराच्या आहारात खरोखर बदलण्याजोगी गोष्ट साखरेच्या वेळांची आहे. कचेरीत दर दीड-दोन तासांनी होणारा गोड चहा आणि त्याबरोबरची बिस्किटे दातांना दिवसभर विश्रांती मिळू देत नाहीत. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दोन जेवणांच्या मध्ये किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली यावर कीड अधिक अवलंबून असते, हे स्वीडनमधील व्हिपेहोल्मच्या प्रयोगांतून १९५४ सालीच पुढे आले. ते प्रयोग मनोरुग्णालयातील असहाय माणसांवर, त्यांच्या संमतीविना झाले, हा त्या ज्ञानावरचा न पुसला जाणारा डाग आहे आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून ते वापरू नये असे मला वाटते.

आता दाढेतील पदार्थांकडे वळते. ज्या काळ्या-करड्या भरणाला आपण चांदी म्हणतो, त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पारा असतो; बाकी चांदी, कथील आणि तांबे. त्यातून चावताना पाऱ्याची सूक्ष्म वाफ निघते हे खरे आहे, आणि म्हणूनच तिचा परिणाम काय होतो हे मुलांवर काळजीपूर्वक तपासले गेले. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. एक अमेरिकेतील ५३४ मुलांची, दुसरी लिस्बनमधील ५०७ मुलांची. चांदी भरलेल्या मुलांच्या लघवीत पारा अधिक आढळला, परंतु पाच ते सात वर्षांनंतरही बुद्धी, स्मरणशक्ती किंवा मज्जासंस्था यांत दुसऱ्या गटाशी तुलना करता लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गरोदर व स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे विकार असलेले आणि पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले रुग्ण यांच्यासाठी शक्य तेथे पर्याय वापरावा असे सुचवले. त्याच सूचनेत, चांगल्या स्थितीतील जुनी चांदी वैद्यकीय कारणावाचून काढू नये, कारण ती कोरताना पाऱ्याची वाफ उलट वाढते, असेही स्पष्ट म्हटले आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना एका दवाखान्यात, सांधेदुखी कमी होईल असे सांगून, सगळी जुनी भरणे एकाच महिन्यात काढून घ्यायला लावण्यात आले. खर्च झाला, दोन दाढा दुखऱ्या झाल्या आणि सांधे होते तसेच राहिले. अशा सल्ल्याला आज उपलब्ध असलेल्या संशोधनाचा आधार नाही, हे वाचकांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

चांदीचा वापर जगभर थांबवला जात आहे तो प्रामुख्याने पर्यावरणासाठी. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळपास बंद केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत करारातील देशांनी २०३४ पर्यंत तो संपवण्याचे ठरवले. जपानमधील मिनामाता खाडीत कारखान्याने सोडलेला पारा माशांतून माणसांच्या शरीरात गेला आणि शेकडो घरे उद्ध्वस्त झाली, त्यावरून या कराराला ते नाव मिळाले. दवाखान्यात कोरून काढलेल्या चांदीचा चुरा बेसिनमधून गटारात आणि तेथून समुद्रात जाऊ नये म्हणून साधी गाळणयंत्रे मिळतात. मासे खाणाऱ्या आणि मासेमारीवर जगणाऱ्या या शहरात ती प्रत्येक दवाखान्यात असायला हवीत.

पांढरी भरणे आली म्हणून प्रश्न संपले, असे नाही. अमेरिकेत रफाएल बोवेन यांनी १९६० च्या सुमारास विकसित केलेल्या बिस-जीएमए या राळेवर आजची बहुतेक पांढरी कंपोझिट आधारलेली आहेत. काही उत्पादनांतून भरणानंतर लगेचच्या काळात बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे रसायन अत्यल्प प्रमाणात लाळेत उतरते आणि नंतर ते झपाट्याने घटते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये या रसायनाची रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने त्या हिशेबाशी जाहीर असहमती नोंदवली. म्हणजे तज्ज्ञांतच मतभेद आहेत. तोवर करण्याजोगे उपाय सोपे आहेत: भरण प्रकाशाने पुरेसे कडक करणे, त्यावरचा ओलसर थर पुसून घेणे, रुग्णाला लगेच चूळ भरायला लावणे, आणि गरोदरपणात तातडीचे नसलेले भरण पुढे ढकलणे. याहून कमी चर्चा होते ती कॅपची. स्वस्त धातूच्या कॅपमध्ये बहुधा निकेल असते, आणि कृत्रिम दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना ते तोंडातही त्रास देऊ शकते. काही निकेल मिश्रधातूंत बेरिलियम असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचे प्रमाण ०.०२ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, कारण कॅप घासताना उडणारी धूळ श्वासावाटे गेली तर लॅबमधील कारागिरांची फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. कॅप ज्याच्या तोंडात बसते त्याच्यापेक्षा ती घडवणाऱ्याला धोका जास्त, आणि त्याच्याविषयी कोणत्याच पुरवणीत काही येत नाही.

या सर्वांतून मी पुन्हा मूळ मुद्द्यावर येते. आपल्या दाढेत चांदी आहे की कंपोझिट, कॅप निकेलची आहे की झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची, हेच रुग्णाला माहीत नसेल, तर वरीलपैकी कोणतीही माहिती त्याच्या उपयोगाची नाही. तापाची गोळी घेतली तरी तिच्या वेष्टनावर घटक, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. तोंडात पंधरा-वीस वर्षे राहणाऱ्या वस्तूबाबत मात्र बिलावर ‘फिलिंग एक, कॅप दोन’ एवढेच लिहिलेले असते. यातून काय होते ते खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या प्रकरणात देशाने पाहिले आहे. धातूचे कण झिरपून भोवतालच्या ऊतींत दाह निर्माण करणारा एक सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि त्यांपैकी जेमतेम हजारभर रुग्णांचाच माग लागला. बाकीच्यांना आपल्या शरीरात काय आहे हे कोण सांगणार?

कायद्याची चौकट आता तयार आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली, त्यात दंतोपचारातील साहित्यही येते. २०१७ च्या नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर लॉट क्रमांक आणि उत्पादकाचे नाव असणे बंधनकारक आहे. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालवला जातो. म्हणजे डब्यावर क्रमांक आहे आणि तक्रार घेणारी यंत्रणाही आहे. मधला दुवा, म्हणजे तो क्रमांक रुग्णाच्या हाती देणारा कागद, तेवढा नाही. पुराव्याच्या दृष्टीनेही हे नुकसान मोठे आहे, कारण कोणाच्या तोंडात काय आहे याची नोंदच नसेल तर भारतीय रुग्णांवर त्याचा दीर्घकाळात काय परिणाम झाला, हे तपासणार कसे?

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने याविषयी सूचना काढावी अशी माझी विनंती आहे, परंतु तिची वाट न पाहता फोर्ट येथील शासकीय दंत महाविद्यालय आणि पालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांनी सुरुवात करावी. तेथे रोज मोठ्या संख्येने रुग्ण येतात, आणि तेथे शिकलेले विद्यार्थी उद्या शहरभर दवाखाने थाटतात. नोंद लिहून देण्याची सवय शिकतानाच लागली तर ती टिकेल. हाताएवढे एक कार्ड पुरे: तारीख, कोणता दात, पदार्थाचे व कंपनीचे नाव, लॉट क्रमांक, आणि रुग्णाला एखाद्या धातूची अ‍ॅलर्जी असल्यास तिचा उल्लेख. मजकूर मराठीत असावा. कॅपच्या बाबतीत लॅबने मिश्रधातूचे नाव लिहून पाठवावे आणि ते जसेच्या तसे कार्डावर उतरवावे. इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम मुळाच्या, बाबतीत तर लिहिण्याचेही कष्ट नाहीत. त्याच्या वेष्टनात लॉट क्रमांकाची चिकटपट्टी बहुधा असतेच, ती डॉक्टरांच्या नोंदवहीबरोबर रुग्णाच्या कार्डावरही लावावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई